पकड्या बोर्डाची उघडी पाठ

मित्रांनो, मी एक जुना विजेचा बोर्ड आहे. अमळनेरला झुलालभाऊंच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात, दारासमोरच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्यातून वीज वाहून कितीतरी वर्षं झाली. माझी पाठ उघडी आहे, आतल्या तारा दिसतात, आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहे. का ठेवली, ते सांगतो. त्या सकाळी जे घडलं, ते मला आजही खरं वाटत नाही.

सन चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. तेव्हा घरात प्लग असायचा एकच, तोही भिंतीत उंचावर. पंखा, इस्त्री, टेप लावायचा तर लोक वायर ओढून बोर्ड जमिनीवर ठेवत. त्यावर पाय पडत, फरशी धुतल्याचं पाणी जाई, उंदीर वायर कुरतडत. असा बोर्ड हवा की जो कुठंही धरून बसेल, असं झुलालभाऊंच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी बोर्ड दोरीनं खाटेला बांधून पाहिला, तो लोंबकळला. खिळे ठोकून पाहिले, मग हलवता येईना.

एका दुपारी त्यांच्या बायको कुंदाबाई शेवया करत होत्या. शेवयांचं यंत्र खाटेच्या लाकडाला पेचानं आवळलेलं होतं. फिरवता फिरवता त्याचा दांडा तुटला.

"मोडलं मेलं," कुंदाबाई म्हणाल्या. "पण पाहा, खाट काही सोडत नाही."

भाऊ त्या पेचाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कुंदा, हा पेच मला दे."

"आणि शेवया?"

"नवीन यंत्र आणतो."

"आधी आणा. मग पेच न्या."

तसंच झालं. नवं यंत्र आलं आणि जुन्याचा पेच माझ्या वाट्याला आला. तोतारामभाऊ सुतारांनी सागाची पेटी करून दिली. तिच्यात तीन प्लग, तीन बटणं आणि एक लाल दिवा बसला. पाठीला तो पेच लावताना तोतारामभाऊ म्हणाले, "झुलाल, बोर्ड करतोस का खेकडा?"

"खेकडाच म्हण," भाऊ हसले. "पण हा चावणार नाही."

कुंदाबाईंनी माझ्यात वाकून पाहिलं. "हे वरचं मोठं भोक कशाचं?"

"अर्थिंगचं. पण आपल्या घराला अर्थिंगच नाही, तर तिसरी तार जोडू कुठं? राहू दे नुसतं भोक."

मला दोनच तारांची वायर मिळाली. पेच घट्ट बसावा म्हणून भाऊंनी पाठीतून चार लांब स्क्रू मारले. मित्रांनो, त्यातल्या एकाचं टोक पेटीच्या आत निघालं होतं. शेजारूनच विजेची तार गेली होती. ते टोक तारेला टेकलेलं मला कळत होतं. पण मला तोंड नव्हतं.

सात वर्षं मी काम केलं. खाटेला धरलं, दाराच्या चौकटीला धरलं, एकदा तर लग्नात लाकडी बैलगाडीच्या जुवाला धरून वाजंत्रीवाल्यांचा भोंगा चालवला. गावात माझं नाव पडलं, पकड्या. लोक आपापलं मोडकं शेवयांचं यंत्र घेऊन येत आणि म्हणत, "भाऊ, आम्हालाही एक पकड्या करून द्या." असे माझे अकरा भाऊ झाले. सगळ्यांच्या पाठीला तसाच पेच आणि तसेच चार लांब स्क्रू. मला मोठा अभिमान वाटे. मी एकदा धरलं की सोडत नाही, असं सगळे म्हणत.

मग एक्क्याण्णवचा श्रावण आला.

आमच्या खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते. नारळाला नथ घालतात, डोळे लावतात, लुगडं नेसवतात आणि तिला घरची लेक म्हणून मिरवतात. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवतात. त्या वर्षी भाऊंच्या घरच्या लाकडी चौरंगाला वाळवी लागली होती. म्हणून भाऊंनी नवं लोखंडी टेबल आणलं, पाय चकचकीत निकेलचे, खाली रबराचे बूट. त्याच्या पायाला त्यांनी मला आवळलं. लोखंड धरण्याची माझी ती पहिलीच वेळ. माझ्यावर दिव्यांची माळ, टेप आणि टेबलफॅन लावला. लाल कापड पायापर्यंत सोडलं होतं, म्हणून टेबलाला कुणाचा हात लागला नाही. पण पंखा सारखा थरथरत होता, आणि माझ्या पाठीत तार त्या टोकावर घासत होती.

सकाळपर्यंत तारेचं कातडं फाटलं. वीज स्क्रूत उतरली, स्क्रूतून पेचात, पेचातून टेबलात. मी ते सगळं धरून उभा होतो.

कुंदाबाई आंघोळ करून ओलेत्यानं आल्या. फरशी नुकतीच धुतली होती. कानबाईला उचलायला जागा व्हावी म्हणून टेबल सरकवायला त्यांनी कापडाखाली हात घातला आणि निकेलचा पाय धरला.

त्या थरथरू लागल्या. केस सुटले, मान मागे गेली, डोळे पांढरे झाले. हात टेबलाला चिकटलेलाच.

मित्रांनो, घरात पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांनी हात जोडले.

"माय उनी," कुणीतरी म्हणालं. माय आली, कुंदाच्या अंगात आली. एकीनं कापूर पेटवला. दुसरीनं डफ वाजवायला घेतला. "हात नका लावा कोन्ही," असं एक म्हातारेबाबा बोलले, कारण अंगात आलेल्याला शिवत नाहीत. आणि झुलालभाऊ, ज्यांनी मला घडवलं, ज्यांचा सगळा जन्म विजेत गेला, तेसुद्धा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी बायकोच्या दिशेनं डोकं टेकलं.

मला ओरडायचं होतं. माझा लाल दिवा तेवढा जळत होता.

भाऊंची आई भिकुबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांनी आयुष्यात कितीतरी बायकांच्या अंगात माय आलेली पाहिली होती. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माय उनी ते बोलस. हाई का बोलत नही?"

डफ थांबला. खरंच होतं ते. माय आली की बोलते, काही मागते, रागावते. कुंदाबाईंची दातखीळ बसली होती. शब्द तर सोडाच, श्वाससुद्धा निघत नव्हता.

भाऊंनी डोकं वर केलं. त्यांची नजर टेबलाच्या पायावर गेली, मग माझ्यावर, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ते ओसरीकडे धावले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. कुंदाबाई फरशीवर कोसळल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती दाबली, इंजेक्शन दिलं. दुपारी कुंदाबाईंनी डोळे उघडले. तळहात भाजला होता. उजव्या हाताची दोन बोटं त्यानंतर कधीच सरळ झाली नाहीत.

भाऊ घरी आले ते हातोडा घेऊनच. मला अंगणात टाकून त्यांनी हातोडा उगारला. अक्का दारातून म्हणाल्या, "फोडलास तर काय झालं ते कळेल कसं? आधी उघडून पाहा."

त्यांनी माझी पाठ उघडली. ते टोक पाहिलं, उघडं पडलेलं तांबं पाहिलं. त्यांनी हातोडा बाजूला ठेवला. मग त्यांना माझे अकरा भाऊ आठवले.

ते पळत दवाखान्यात गेले. कोणत्या घरी कोणता बोर्ड, हे त्यांच्या नीट लक्षात नव्हतं. ते कुंदाबाईंच्या लक्षात होतं, कारण मोडकी यंत्रं आणून देणाऱ्या सगळ्या त्यांच्याच मैत्रिणी. पडल्या पडल्या त्यांनी एकेक नाव सांगितलं. "माझ्याजवळ बसू नका," त्या म्हणाल्या. "त्या बायाही आंघोळ करून येतील. आधी जा."

भाऊ सायकलवर हिंडले, एस.टी.नं गेले. मंगळवारच्या दुपारपर्यंत दहा बोर्ड गोळा झाले. अकरावा जळगावला मेहरूणमध्ये सुमनबाईंकडे होता. घराला कुलूप. खिडकीतून भाऊंना दिसलं, माझा भाऊ लोखंडी पलंगाला धरून बसला होता आणि त्याचा लाल दिवा जळत होता. शेजारीण म्हणाली, धुळ्याला गेल्यात, संध्याकाळी येतील. भाऊंनी बाहेरच्या मीटरचा फ्यूज काढून खिशात घातला आणि ते पायरीवर बसून राहिले.

सुमनबाई आल्या. "भाऊ, आमच्या घराचा फ्यूज तुम्ही काढला?"

"हो ताई. नंतर पोटभर बोला मला. आधी दार उघडा."

तो बोर्ड त्यांनी सुमनबाईंच्या डोळ्यांदेखत उघडला. तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये कागदाएवढं प्लास्टिक उरलं होतं. सुमनबाईंचं तान्हं लेकरू त्याच पलंगावर झोपायचं. हे भाऊंनीच पुढं दुकानात अनेकदा सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

आता भाऊ जे पकडे करतात, त्यांचा जबडा सागाचा असतो, त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेलं असतं, स्क्रू आखूड असतात आणि वायर तीन तारांची. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "कोळसा-मिठाचा खड्डा खणला का अर्थिंगला?" नसेल खणला तर बोर्ड मिळत नाही. मग कुंदाबाई माझ्याकडे बोट दाखवतात. ते बोट वाकडं आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. वस्तू किती घट्ट धरते हे बघाल, तेव्हा तिची पाठही उघडून बघा. ओल्या हातानं लोखंडाला शिवू नका. आणि कधी कुणी माणूस कशाला तरी धरून असा मुक्यानं थरथरताना दिसला, तर आधी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढा. हात नंतर जोडा. माय थांबेल तेवढं.