न्यू जर्सीचं खातं

सुप्रभानं सही करायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

ती आणि संजय न्यू जर्सीत बरीच वर्षं काढून काही वर्षांपूर्वी मिल्टन कीन्सला आले होते. दोघांनीही अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं, त्यामुळे इंग्लंडात राहूनही दर वर्षी तिकडचा टॅक्स रिटर्न दोघांच्या नावानं जायचा. संजयनं भरायचा, तिनं डोळे मिटून सही करायची, असा शिरस्ता. यंदा मात्र तिची नजर एका ओळीवर अडली. संजयच्या जुन्या कंपनीतल्या रिटायरमेंट खात्यातली होती नव्हती ती सगळी रक्कम निघाली होती. आणि शेजारी, करपात्र रक्कम चक्क शून्य.

"हे पैसे काढलेस तू?"

"काढले नाहीत गं, रोलओव्हर केलेत. इकडचे तिकडे." संजयनं लॅपटॉपमधून मानही वर केली नाही. "सही कर ना, पोस्टात टाकायचंय."

त्या घाईनंच तिच्या मनात पाल चुकचुकली. गेले काही महिने तो शनिवारी एडिनबराला जात होता. म्हणे क्लायंट. शनिवारी कुठला आलाय क्लायंट? फोन आला की हा भर पावसात मागच्या गार्डनमध्ये. तिनं ते सगळं गिळलं होतं. पण आता पैसेही हलले म्हणजे तिकडे कुणाचा तरी संसार थाटला जात होता!

ती कार काढून थेट मीनाक्षीकडे गेली. मीनाक्षी अशाच चार-दोन घरांचे अमेरिकन रिटर्न करून द्यायची.

"रिटर्न बरोबर आहे," मीनाक्षी कागद चाळून म्हणाली. "कंपनीच्या खात्यातून पैसे थेट त्याच्या स्वतःच्या रिटायरमेंट खात्यात गेलेत. निघाले म्हणून दाखवावे लागतात, पण त्याच्या हातात आलेच नाहीत, म्हणून कर नाही. हे बघ, बाजूला 'रोलओव्हर' लिहिलंय."

सुप्रभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, तेवढ्यात मीनाक्षीनं सहज विचारलं, "नव्या खात्यावर वारस तूच ना? कंपनीच्या खात्यात बायकोचा हक्क आपोआप असतो, तिच्या सहीशिवाय दुसऱ्याचं नाव घालता येत नाही. स्वतःच्या खात्यात तसं नसतं, म्हणून विचारलं."

घरी येऊन तिनं कोटसुद्धा काढला नाही.

"नव्या खात्यावर कुणाचं नाव घातलंयस?"

संजयनं लॅपटॉप मिटला. "तनिषाचं."

तनिषा म्हणजे त्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी. लहानपणीच आईबरोबर कॅलिफोर्नियाला गेलेली. तिच्याशी काही संबंध उरला नाही, असं त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं.

"एडिनबराला शिकायला आलीय. तिनंच फोन केला मला."

"आणि माझ्यापासून लपवलंस?"

"तू नको म्हणाली असतीस तर? मग मला जाता आलं नसतं."

महिनोन्‌महिने जिच्या नावानं ती बोटं मोडत होती, ती एकोणीस वर्षांची पोर निघाली. सुप्रभाच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ संतापही.

"मुलीला दे की! मी कधी आडवी आले असते? पण माझी सही लागणार नाही, असं खातं शोधून काढलंस?"

"ते ठरवून नव्हतं गं. शपथ."

खरं की खोटं, ते तिला पुढेही कधी कळलं नाही. रिटर्नमध्ये खोटं काही नव्हतं, म्हणून तिनं सही केली. पण आधी त्याला समोर बसवून खात्यावर दोघींची नावं निम्म्या-निम्म्या वाट्यानं घालायला लावली. आणि शनिवारी त्याच्याबरोबर एडिनबराच्या ट्रेनमध्ये बसली.

तनिषा स्टेशनवर उभी होती, बापासारखीच उंच, केस पिंजारलेले. सुप्रभाला बघून ती गडबडली.

"डॅड म्हणाला, तुम्हाला मला भेटायची नाही," ती मोडक्या मराठीत म्हणाली.

सुप्रभानं वळून संजयकडे पाहिलं. तो वेळापत्रकाचा बोर्ड वाचत होता.

"मला कुणी विचारलंच नव्हतं, बाळा," ती म्हणाली आणि तनिषाचा हात धरून पुढे चालू लागली.