वास बघ, रेणुका

जयंतीला आठवडा राहिला तेव्हा रविकांत दारात येऊन उभा राहिला, आणि त्यानं विचारायच्या आतच रेणुकाबाईंनी सांगून टाकलं की यंदाचा केक बेकरीतून आणा. रविकांत विहाराच्या मंडळाचा कार्यकर्ता. लहानपणी याच केकचा पहिला तुकडा पळवून त्यानं कितीदा तरी धपाटे खाल्ले होते. त्याला वाटलं, काकू चेष्टा करून राहिल्या.

"बेकरीचा केक म्हंजे नुसता फेस, काकू. लेकरं मला विहारात उभं करणार न्हाईत."

रेणुकाबाई हसल्या नाहीत. भांडी लावायचं निमित्त करून आत गेल्या. बुद्धप्रिया ओट्यापाशीच उभी होती. आईचा चेहरा तिला दिसला.

नांदेडच्या त्या वस्तीत जयंतीच्या सकाळी खिरीबरोबर रेणुकाबाईंचा केक असायचाच. रवा, दही, गूळ आणि अर्धापूरची सालीवर काळी पडलेली केळी. घरात ओव्हन कधीच नव्हता. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवायची, त्यात केकचा डबा ठेवायचा, वर झाकण. मधे झाकण काढलं की वाफ जाते आणि फुगलेला केक खाली बसतो, म्हणून झाकण उघडायचं नाही. रेणुकाबाई बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसायच्या आणि मधेच उठून गॅस बंद करायच्या. गुळाचा वास आधी कच्चा येतो, मग गोड होतो, मग किंचित कडसर. गोड संपून कडसर सुरू व्हायच्या आत उठायचं, एवढंच त्यांचं शास्त्र.

साथीच्या तापात त्यांना वास येणंच बंद झालं. चव थोडीफार परत आली, वास आला नाही. तरी मागच्या जयंतीला त्यांनी अंदाजानं केक केला. विहारात सगळ्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला, कुणी एका शब्दानं बोललं नाही. घरी डबा घासताना बुडाला करपलेला थर लागला तेव्हा त्यांना कळलं. जळकं खाऊनही लोक गप्प राहिले, हे त्यांना फार लागलं.

बुद्धप्रिया नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. तिनं तापमापी आणली, वेळ मोजून द्यायची तयारी दाखवली. पण केळी कधी जास्त पिकलेली, गूळ कधी ओलसर, दही कधी पातळ; दरवेळी वेळ वेगळी लागायची, आणि ते बुद्धप्रियालाही मान्य करावं लागलं.

"तुझ्या काट्यावर केक होईल गं," रेणुकाबाई म्हणाल्या. "मी केला असं न्हाई होणार."

त्याच आठवड्यात बुद्धप्रियाला लातूरला एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मुलाखतीसाठी जायचं होतं. निघताना आईनं केळ्यांचा घड हातात दिला आणि अव्वाला भेटून ये म्हणून सांगितलं. "पण माझ्या नाकाचं बोलू नकोस तिच्यापाशी."

अव्वा म्हणजे शरणम्मा. रेणुकाबाईंच्या माहेरची, लातूरच्या गल्लीतली शेजारीण, मूळची निलंग्याकडची. तिथं कानडी कानावर पडतेच, म्हणून सगळी गल्ली तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायची. त्या गल्लीत शेजारच्या वस्तीतल्या पोरींना दारातल्या ओट्याच्या वर येऊ न देणारी घरं होती. अव्वानं रेणुकाला थेट चुलीपाशी पाट दिला. केक ती तिथंच शिकली. पातेलं चढलं की अव्वा म्हणायची, "वास बघ, रेणुका." रेणुका सांगायची, अव्वा मान डोलवायची. आपली परीक्षा चालली आहे, असं त्या पोरीला वाटायचं आणि दरवेळी पास झाल्याचा आनंद व्हायचा. पुढं लग्न होऊन नांदेडला आल्यावर केळी तिनं स्वतःच्या डोक्यानं घातली.

मुलाखत बरी झाली. संध्याकाळी बुद्धप्रिया शरणम्माच्या घरी पोचली. मुलगा सिद्धलिंग किराणा दुकानात होता. म्हातारी बाजेवर बसली होती, हातात तपकिरीची डबी. केळी मांडीवर घेऊन तिनं रेणुकाची, तिच्या नवऱ्याची म्हणजे आनंदरावांची, सगळ्यांची चौकशी केली. मग विचारलं, केक करते का अजून?

बुद्धप्रियाला खोटं बोलता आलं नाही. वास गेल्याचं, करपलेल्या बुडाचं, बेकरीचं, सगळं तिनं सांगितलं.

शरणम्मा हसायला लागली. हसता हसता शिंकली, पदरानं नाक पुसलं.

"यव्वा, माझं नाक तर तपकिरीनं तुझ्या मायचा जन्म व्हायच्या आधीच खाल्लं. मला कुठला वास?"

"मग केक कसा कळायचा?"

"लाटण्यानं. एक टोक झाकणावर, एक कानाला. आत चुरचुर चालली तवर कच्चा. चुरचुर दमली की उतरवायचा."

बुद्धप्रियाला हे लगेच पटलं. रव्यातली ओल वाफ होऊन निघते तोवर आत आवाज राहणार, ओल सरत आली की विरळ होणार, आणि लाकडातून तो कानापर्यंत येणार. पण तिच्या मनात वेगळंच काहीतरी अडकलं होतं.

"मग आईला वास बघायला का सांगायचात?"

"कानाचा भरवसा किती धरायचा? पोरीचं नाक लई तेज होतं. तिनं सांगितलं की माझा जीव निवांत. तिच्याबिगर मीच दोन-चार बिघडवले असते." मग ती म्हणाली, "हे तिला कधी सांगितलं न्हाई. सांगायला पाहिजे होतं."

घरी आल्यावर बुद्धप्रियानं सगळं जसंच्या तसं सांगितलं. रेणुकाबाईंनी लाटणं हातात घेऊन बघितलं. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, अव्वा लाटण्यानं कान खाजवती." आणि हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला.

जयंतीच्या आदल्या दिवशी पातेलं चढलं. आनंदरावांना टीव्ही बंद करायला लावला, पंखाही. लाटण्याचं एक टोक झाकणावर, दुसरं कानाशी धरून रेणुकाबाई ओट्यापाशी वाकून उभ्या राहिल्या. आधी त्यांना काहीच ऐकू येईना. मग भुवया वर गेल्या. आनंदरावांनी काहीतरी विचारलं, तर त्यांनी हातानंच गप्प केलं. बुद्धप्रियानं घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही.

बऱ्याच वेळानं रेणुकाबाईंनी लाटणं खाली ठेवलं, गॅस बंद केला. मग लेकीकडे वळल्या.

"वास बघ, प्रिया."

गुळाचा वास घरभर गोड पसरला होता. कडसर कुठंच नव्हता. बुद्धप्रियानं तसं सांगितलं तेव्हा आईनं अगदी अव्वासारखी मान डोलवली.

रविकांतला फोन गेला की बेकरीला नाही म्हणून कळव. तो म्हणाला, सांगितलंच कुणी होतं बेकरीला? केक निवल्यावर रेणुकाबाईंनी डबा उपडा करून बूड तपासलं. तांबूस, कुठंही काळं नाही. विहारात न्यायच्या आधीच कडेचा एक मोठा तुकडा त्यांनी कापून वेगळा बांधला. उद्या जयंती उरकली की परवाच्या लातूरच्या बसनं तो स्वतः घेऊन जाणार होत्या.