धरण पुन्हा भरण्याचा नियम

श्यामसुंदर काकांनी नियमांचा कागद उलटा केला, कोरी पाठ पाहिली आणि पुन्हा सुलटा करून चष्म्याजवळ आणला.

"बाकी सगळं आहे. पाणी कुठून घ्यायचं, कुणाचं अडवायचं, टँकर कधी बोलवायचा. पण डाव संपतो कधी?"

नीरजाने तोंड उघडलं आणि मिटलं. यज्ञेश्वर सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की अनोळखी माणसं खेळत असताना खेळ बनवणाऱ्याने एक अक्षर बोलायचं नाही. "उद्या खेळ डब्यात घालून विकलास, तर समजवायला घरोघरी जाणार आहेस का?" सदाशिव पेठेतल्या त्यांच्या क्लासच्या खोलीत दर रविवारी नवे खेळ असे तपासले जात. आवडला तर सर दिवाळीच्या प्रदर्शनात टेबल देत. नीरजाला ते टेबल हवंच होतं. नववीच्या अख्ख्या वर्गाला तिने सांगूनही टाकलं होतं, मिळालंच म्हणून समजा!

खेळ दिसायला झकास होता. मधोमध निळ्या मण्यांची वाटी, म्हणजे खडकवासला. भोवती पेठा. फासे टाकून पाणी आपापल्या पेठेत न्यायचं.

"वाटी रिकामी झाली की संपत असेल," कॉलेजातली सुनीती म्हणाली.

"कुठलं! हा बघ सातवा नियम. 'धरण रिकामं झालं की पाऊस पडला असं समजून ते पुन्हा भरावं.' म्हणजे आपण गणपतीपर्यंत इथेच." काकांनी मणी परत वाटीत ओतले. "पुण्यात राहून पाण्याबद्दल एवढा आशावाद! महापालिकेत चिकटेल ही मुलगी."

सगळे हसले. नीरजाही हसायला गेली, पण हसू मध्येच राहिलं. वाटी रिकामी झाली, भरली, पुन्हा रिकामी झाली. सुनीतीने हळूच मोबाइल काढला.

सरांनी फासे उचलले. "आता बोल. घरी कसा संपवता हा?"

"घरी नाही खेळलो आम्ही. हॉस्पिटलमध्ये खेळायचो. मी आणि बाबा. संध्याकाळी भेटायला सोडायचे तेव्हा. मग सिस्टर म्हणायच्या, वेळ संपली, की मी सगळं उचलायचे."

"आणि सातवा नियम?"

"बाबांचा. एकदा सिस्टर यायच्या आधीच वाटी रिकामी झाली. बाबा म्हणाले, घाल परत, पाऊस पडला." तिने कागदाचा कोपरा दुमडला. "जूनमध्ये गेले ते. त्यांचं काही बदलायचं नाही, असं ठरवलंय मी."

काका उगाचच चष्मा पुसत बसले.

"नको बदलूस," सर म्हणाले. "पण एक बघ. इतका वेळ खेळले हे, कुणी एक मणी तरी जपून ठेवला? परत मिळणारच म्हटल्यावर कोण जपेल?"

नीरजाने टेबलाकडे पाहिलं. मणी इकडेतिकडे सांडले होते. एक खाली गेला होता, तो कुणी उचललाही नव्हता. तिने पेन घेतलं आणि सातव्या नियमावर रेघ मारली. मारली आणि लगेच दुसरीकडे पाहायला लागली.

पुढच्या डावात तीच माणसं वेगळीच वागू लागली. काका मणी मुठीत धरून बसले. सुनीतीने त्यांचा कालवा अडवला.

"सुनीतीबाई, वयाचा तरी मान ठेवा!"

"पाण्याचं बोला काका, वयाचं नको."

शेवटच्या मण्याने सुनीतीच्या पेठेत सगळ्यांत जास्त पाणी झालं आणि तिने खुर्चीवरून उडीच मारली. वाटी रिकामी झाली. नीरजाचा हात मणी परत ओतायला वर गेला आणि मांडीवर परत आला.

"अजून एक डाव!" काका ओरडले. "असं कसं जिंकते ही!"

सरांनी नीरजाच्या पाठीवर थाप मारली. "दिलं टेबल."

ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावली. आई फाटकाशी स्कूटरवर बसून होती, हेल्मेटही न काढता.

"आई! वर का नाही आलीस?"

"सवय झालीये खाली थांबायची."

"म्हणजे?"

"हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी एकच पास द्यायचे ना गं. सकाळी माझं ऑफिस. तू वर, मी गेटपाशी." आई हाताने मागची सीट पुसत होती. "वाटायचं, आज तुमचा डाव लवकर आटपला तर पाच मिनिटं मला मिळतील."

"मग सांगायचं ना मला!"

"इतकी हसत खाली यायचीस तू. काय सांगणार?"

टेबल मिळाल्याचं सांगायला नीरजा धावत आली होती. वरच्या खिडकीतून काकांचा आवाज आला, कुणाला तरी दरडावत होते.

"अजून खेळतायत ते," ती म्हणाली. "चल ना वर. माझ्या जागेवर बस तू."

"नो पार्किंग आहे गं इथे," आई म्हणाली.

पण खाली उतरून तिने स्कूटर स्टँडवर लावली.