सात मिनिटांची साक्ष

आमच्या मंडळीत वर्षातून एकदा साक्षीचा रविवार असतो. त्या दिवशी पाळकसाहेब प्रवचन करत नाहीत, त्यामुळे गर्दी चांगली होते. तीन-चार माणसं एकामागून एक व्यासपीठावर येतात आणि आपण आधी किती वाया गेलो होतो, प्रभू कसा भेटला आणि आता जगण्याला कसा अर्थ आलाय, ते सांगतात. प्रत्येकी सात मिनिटं.

सात मिनिटं हा माझा शोध. मी मंडळीचा चिटणीस झालो त्या वर्षी एका निवृत्त पोस्टमास्तरांनी पन्नास मिनिटं साक्ष दिली होती. त्यातली पंचेचाळीस पापांत गेली आणि तीही चव घेत घेत. तेव्हापासून साक्ष आठ दिवस आधी लिहून माझ्याकडे द्यायची असा नियम झाला. मी निळी पेन्सिल घेऊन बसतो. पापं दोन मिनिटं, प्रभू एक मिनिट, बदललेलं आयुष्य चार मिनिटं. प्रभूला एक मिनिट कमी पडतं, अशी तक्रार अजून कोणाची आलेली नाही.

शेवटची साक्ष दरवर्षी दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. दाजी सुतार आहेत. आमचं व्यासपीठ त्यांनीच केलंय, बाकंही त्यांचीच. चौदा वर्षांपूर्वीपर्यंत ते इतकी प्यायचे, की त्यांनी केलेल्या खिडक्या लोक आधी लोटून बघायचे आणि मगच घ्यायचे. मग एका सकाळी ते पाळकसाहेबांच्या दारात बसून ढसाढसा रडले आणि त्या दिवसापासून आजपर्यंत थेंबाला शिवलेले नाहीत. यात काही थट्टा नाही. माणूस खरोखर बदलला.

त्यांची साक्ष मंडळीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. "मी घरी यायचो आणि ताटं भिंतीवर आपटायचो," असं म्हणून दाजी थांबतात आणि सगळी मंडळी ताईकडे बघते. पहिल्या वर्षी ताटं तीन होती. गेल्या वर्षी अकरा झाली. एवढी ताटं त्या घरात कधीच नव्हती, पण मी आकड्यांना पेन्सिल लावत नाही. शेवटी दाजी म्हणतात, "आज मला विचारलं, कशासाठी जगतोस, तर मी सांगतो, हे सांगण्यासाठी." मग बायका डोळे पुसतात.

ताई दुसऱ्या बाकावर बसते. एरवी डावीकडे, साक्षीच्या रविवारी मात्र उजवीकडच्या टोकाला, व्यासपीठाला डावा कान करून. त्या कानाने तिला ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला आणि आईने वेळेवर दाखवला नाही, असं मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. ते त्यांना मीच सांगितलंय. आई तोपर्यंत वारली होती, तिची हरकत आली नाही.

यंदा साक्षीला दहा दिवस असताना ताई माझ्या कचेरीत आली. कचेरी म्हणजे चर्चच्या मागची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि जुन्या गीतपुस्तकांचे गठ्ठे. तिने टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला.

"ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत, तळाला होता," ती म्हणाली. "वाच."

वाचायची गरज नव्हती. दाजींचं अक्षर, चौदा वर्षांपूर्वीचं. वर ताटांची ओळ. तिच्या खाली : 'एकदा मी हिच्या कानशिलात मारली. तेव्हापासून हिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते माझ्यामुळे.' त्यावर एक रेघ होती. निळी.

"मला वाटलं होतं, ह्यांनी लपवलं," ताई म्हणाली. "चौदा वर्षं त्या बाकावर बसून मी मनात म्हणायचे, ताटांचं सांगतोस, माझं सांग की. ह्यांनी तर लिहिलं होतं रे."

"ताई, बायकापोरं ऐकायला असतात. पाळकसाहेबही म्हणाले, जरा जड होतंय. आणि तेव्हा वेळही…"

"किती वाचला?"

"काय?"

"वेळ. ती ओळ काढून किती वाचला?"

पंधरा सेकंद वाचले होते. मला आठवत होतं, कारण मी घड्याळ लावून बघितलं होतं.

"रोज पहाटे प्रार्थनेला बसते," ती म्हणाली. "म्हणायचे, बापा, तुला माहीत आहे ना, मग बास. वाटलं होतं तेवढं पुरेल. नाही पुरलं. यंदा ह्यांना ती ओळ वाचू दे. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही."

हे खरं होतं. आमच्या घरात मागायचं काम कायम मी केलं.

दाजींच्या कारखान्यात गेलो तर ते एका दाराला रंधा मारत होते. कागद बघून त्यांनी रंधा खाली ठेवला आणि बराच वेळ हातावरचा भुसा झटकत राहिले.

"आता? चौदा वर्षांनी?" ते म्हणाले. "लोक म्हणतील, हा इतकी वर्षं खोटं बोलत होता."

"बोलत नव्हतात. मी बोलू दिलं नाही."

"तेच ते, मेव्हणे. पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, एवढं नको. मी म्हटलं, बरं. मनातून सुटल्यासारखंच वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पुढे पुढे ताटं सांगता सांगता मलाच वाटायला लागलं, की एवढंच झालं होतं." ते खाली बघत म्हणाले, "ती साक्ष गेली तर माझ्याकडे दुसरं काय आहे?"

"ताईने मागितलंय."

दाजींनी कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

त्या रविवारी ताई डावीकडे बसली. चांगला कान व्यासपीठाकडे. मी घड्याळ घेऊन पुढे होतो. दाजींनी ताटांची ओळ म्हटली. यंदा ताटं तीनच होती, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नसेल. मग त्यांनी कागद काढला आणि चष्मा न लावता, अडखळत, ती ओळ वाचली.

चर्चमध्ये पंखे तेवढे ऐकू येत होते. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हुंदका दिला. पाळकसाहेब उठले, दाजींना मिठी मारली आणि म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात धैर्य! प्रभूची स्तुती असो!" आणि टाळ्या. आमच्या मंडळीत टाळ्या वाजवायची पद्धत नाही, त्या दिवशी पडली.

बाहेर अंगणात दाजींभोवती रांग लागली. तरणे लोक त्यांचा हात धरून सोडत नव्हते. ताई पायरीवर उभी होती. तिच्याजवळ दोघीच गेल्या. पाळकबाई म्हणाल्या, "भाग्यवान आहेस गं, असा नवरा मिळायला." दुसरी आमची पेटी वाजवणारी म्हातारी. तिने विचारलं, "कुठला गं कान?" ताईने दाखवला. म्हातारी त्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "देव तुझं भलं करो!" माझ्या आईबद्दल बोललेले शब्द मात्र कोणी मागे घेतले नाहीत, मीसुद्धा.

मंगळवारी पलीकडच्या मंडळीचं पत्र आलं. त्यांना दाजींची साक्ष हवी होती. खाली लिहिलं होतं, 'शक्य असल्यास पत्नीसही आणावे. लोकांना पाहण्याची इच्छा आहे.'

पत्र घेऊन मी ताईकडे गेलो. दाजी पुढच्या खोलीत बसून साक्ष नव्याने लिहीत होते. कानाचं आता अर्धं पान झालं होतं. मला बघून म्हणाले, "मेव्हणे, कानाला दीड मिनिट देता येईल का? लोकांना तिथेच भिडतं." चेहरा उजळला होता. चौदा वर्षांत इतकं सुखी मी त्यांना बघितलं नव्हतं.

ताई स्वयंपाकघरात ओट्यापाशी भाजी चिरत होती. मी पत्र वाचून दाखवलं.

"नाही येणार म्हणून कळव," ती म्हणाली.

"तुला हवं होतं ना ताई, त्यांनी सांगावं? सांगितलं की."

ती सुरी चालवत राहिली. "तेव्हा सांगितलं असतं, तर कोणीतरी मला विचारलं असतं, दुखतं का गं म्हणून. तेव्हा दुखत होतं. आता दुखत नाही, आता नुसतं ऐकू येत नाही. आता काय, तेही ह्यांच्या साक्षीत जमा."

ती वळली आणि भांडं धरून नळ मोठा सोडला. मी तिच्या डावीकडे उभा होतो. सरकून उजवीकडे जायला दोन पावलं पुरली असती, जागाही होती. मी तिथूनच, हळू आवाजात म्हणालो, "ताई, चुकलो मी. ती रेघ माझी होती. आईचंही मीच खोटं सांगितलं. मला माफ कर."

सगळं मिळून पंधरा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

तिला काहीतरी हालचाल जाणवली असावी. तिने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

"काय म्हणालास?"

"काही नाही," मी म्हणालो. "भांडं भरून वाहतंय."