ब्रेकबाईंची गाडी

गाडी शिकवणाऱ्या बाईला पाठीमागे सगळे ब्रेकबाई म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. शिकाऊ माणूस जरा डगमगला की तिच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबला जायचाच. नावाचं तिला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एसीचं. उन्हाळा लागल्यापासून त्याने थंड हवा द्यायची नाही असं जणू ठरवलंच होतं. बटण गारवर फिरवा, पंखा पूर्ण सोडा, तोंडावर यायचा तो चुलीपुढचा वारा. शिकणारे घामाघूम होऊन उतरत आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गारेगार गाडीत जाऊन बसत.

तिने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. एका एसीवाल्याने गॅस भरला. दुसऱ्याने त्याच्या नावाने बोटं मोडत पुन्हा गॅसच भरला. तिसऱ्याने बॉनेटखालचा पाइप चाचपून पाहिला आणि उलट तिलाच विचारलं, "पाइप तर गार आहे. मग आत येईपर्यंत गारवा जातो कुठे?" उत्तर शोधायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, गाडी महिनाभर सोडा, असं त्याचं म्हणणं. गाडी एकच. ती महिनाभर नाही म्हणजे स्कूलच नाही.

कोपऱ्यावरच्या मालकाला याचा वास लागला. घरी येऊन तो गोड आवाजात म्हणाला, "गाडी मला द्या, आणि तुम्ही माझ्याकडे शिकवायला या. आज संध्याकाळपर्यंत कळवा." जाताजाता त्याने गाडीचं दार न्याहाळलं. तिथे तिने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, 'घाबरणाऱ्यांनी आधी यावे'. "हे खरवडून घेऊ आपण," तो म्हणाला. ते 'आपण' तिच्या डोक्यात गेलं.

त्या दुपारी शिकवणीला एकच विद्यार्थिनी उरली होती, ती म्हणजे सासूबाई. साठी उलटल्यावर त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं आणि सुनेच्या नाकी नऊ आणले होते. समोरून साधी सायकल आली तरी त्या डोळे मिटून घेत. त्यामुळे सुनेचा पाय ब्रेकवरून हलतच नसे आणि गाडी अर्धवट दाबलेल्या ब्रेकवर रांगत राही. आणि याच सासूबाई घरीदारी सांगत सुटत, "कसली तक्रार करता? मला तर छान गार लागतं." सुनेची बाजू घेताहेत बिचाऱ्या, असं समजून लोक मान डोलवत.

"आई, उद्यापासून ही गाडी आपली नसेल," सून म्हणाली.

"का गं?"

"एसीपायी."

"एसीला काय झालंय? हा काय, गार वारा येतोय."

"आज तरी माझं मन राखायला खोटं बोलू नका."

सासूबाईंनी गाडी कडेला घेतली, म्हणजे सुनेनेच थांबवली. "मी कधी तुझं मन राखलंय? परवाच्या चहाला मी काय म्हणाले होते?"

"गढूळ पाणी."

"मग?"

मन राखणं सासूबाईंच्या स्वभावात नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? तिच्या बाजूची वाऱ्याची जाळी तिने कधीच बंद करून टाकली होती, आणि सासूबाई गाडी चालवत असताना आपल्याला गरम होतंय की भीतीने घाम फुटलाय हे तिला कळत नसे. तिने पुढे वाकून सासूबाईंच्या जाळीसमोर हात धरला. वारा गार होता.

तिने हँडब्रेक ओढला आणि पायाखालचा ब्रेक सोडला. वारा कोमट झाला, मग गरम. पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा गार. तिला हसावं की रडावं कळेना.

ती खाली उतरली आणि मोबाइलचा उजेड पाडत डोकं डॅशबोर्डखाली घातलं. जादा ब्रेकची तार तिथून गेली होती. थंडीच्या दिवसांत ती बसवली तेव्हा पायाला लागते म्हणून नवऱ्याने मोठ्या हौसेने वर बांधून दिली होती. आणि बांधली होती कशाला? शेजारून जाणाऱ्या, हीटरची झडप हलवणाऱ्या बारीक तारेला, काळ्या प्लास्टिकच्या पट्टीने, करकचून. बटण गारवर फिरवलं तरी झडप मिटत नव्हती आणि सगळ्या गारव्यात हीटरची धग मिसळत होती. ब्रेक दाबला की मोठी तार लहानीला ओढून घ्यायची, आणि तेवढ्यापुरती झडप मिटायची.

"तुमच्या लेकाचा टापटीपपणा," ती खालूनच म्हणाली.

"लहानपणापासून दिसेल ते बांधतो," सासूबाई म्हणाल्या आणि पर्समधून नेलकटर काढून दिला.

पट्टी तुटली. ब्रेकची तार तिने तिच्या मूळच्या क्लिपमध्ये बसवली, ओढून, दाबून पाहिली आणि बटण पुन्हा गारवर फिरवलं. ब्रेकला पाय न लावता वारा आला, असा गार की सासूबाईंनी पदर खांद्यावरून लपेटून घेतला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. गाडी तिची होती, स्कूल तिचं होतं, आणि इतका आनंद तिला लायसन्स मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

"आता घरी?" सासूबाईंनी विचारलं.

"कोपऱ्यावर. त्यांना कळवायचंय."

"मग मीच नेते. पण आता गारव्यासाठी तुझा पाय लागत नाही ना? काढून घे."

सुनेने जीव मुठीत धरला आणि दोन्ही पाय मागे घेतले. समोरून एक सायकल आली. सासूबाईंचे डोळे उघडेच राहिले. सायकल बाजूने निघून गेली, कोपरा आला, आणि स्कूलच्या दारासमोर गाडी कोणीही न दचकता थांबली.

मालक हसत बाहेर आला. सुनेने काच खाली केली तसा आतला गारवा त्याच्या चेहऱ्यावर गेला आणि त्याचं हसू मावळलं.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी घाबरणारं भेटलं तर आमच्याकडे पाठवा."

मग तिने काच वर केली आणि सासूबाईंनी, कोणाच्याही मदतीशिवाय, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.