मामाची कानस

"ही कानस तुझ्याकडे कशी आली?" सरांनी पहिल्या वर्षाच्या एका पोरीला विचारलं आणि कोपऱ्यात तेलाचा डबा पुसणाऱ्या मामाचं फडकं थांबलं.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या फिटिंग शॉपमध्ये तेवीस वर्षं हत्यारं देणारा-घेणारा हा माणूस साऱ्या कॉलेजचा मामा. यंदापासून ही त्याची पोटची पोरगीही चारचौघांत त्याला मामाच म्हणे. त्यानंच तसं बजावलं होतं. या नामांकित कॉलेजात जात कुणी विचारत नाही, माणसं सभ्य. प्रवेश परीक्षेतली रँक विचारतात. आकडा ऐकला की पोर कुठल्या यादीतून आलं ते कळतं आणि शेजारी कोण बसणार तेही ठरतं. राखीव यादीतल्या पोरीचा बाप इथलाच मामा, हे फुटलं असतं तर तिच्या प्रत्येक मार्काला दोन वाटेकरी लागले असते: एक जात, दुसरा बाप.

एवढा सावध माणूस, पण माया नडली. लोखंड घासायच्या कॉलेजच्या कानशी बोथट, म्हणून त्यानं तिला स्वतःची दिली. मुठीला सुतळी गुंडाळलेली ती कानस कोण ओळखणार नाही?

तिनं घासून केलेला जॉब, एकात एक बसणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या, सरांनी खिडकीकडे धरल्या. सांध्यातून उजेडाची रेघही येईना.

"रँक किती तुझी?"

तिनं सांगितली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मग जॉब मामांनीच केला म्हणायचा."

मामानं बोलावं तर बाप ठरतो, गप्प राहावं तर चोर.

"कानस माझ्या बाबांची आहे, सर," पोरगी त्याच्याकडे बघत म्हणाली. "हात माझा आहे. कोऱ्या पट्ट्या द्या, इथंच करते."



"द्या, मामा," सर म्हणाले.

त्यानं दोन कोऱ्या पट्ट्या काढून दिल्या. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बघायची गरज नव्हती, कानाला कळत होतं. एकदा कानस घसरून किंचाळली. मग पुन्हा सरळ, एकसारखा आवाज.

दोन तासांनी सरांनी पट्ट्या खिडकीकडे धरल्या, उलटवून पुन्हा धरल्या. उजेड नव्हता. त्यांनी दहापैकी सात लिहिले. पहिल्या बाकावरच्या पोराच्या, फटीतून खिडकी दिसणाऱ्या जॉबला आठ होते. मार्कांची वही मामाच धरून उभा होता.

तास संपला. हत्यारं परत करायची रांग लागली.

"बाबा, कानस," ती म्हणाली.

त्यानं सवयीनं आधी रांगेकडे पाहिलं, मग हात पुढे केला. सुतळी घामानं चिंब होती. आलेलं प्रत्येक हत्यार तो पुसून ठेवायचा. ही त्यानं तशीच ठेवली.