लूशसची निळी बाटली

आर्डेलियाने झाडावरून निळी बाटली उतरवली तेव्हा धाकटी बहीण ओझी दारातूनच म्हणाली, "ती नको. दुसरी घे."

"दुसरीचा गळा जाड आहे."

"ती लूशसची आहे, आर्डी."

"लूशसला आता बाटली कशाला? जिवंतपणी कमी रिचवल्या का त्याने?"

अंगणातल्या वाळक्या झाडावर आईने बाटल्या अडकवल्या होत्या. अंधारात जे काही भटकत दाराशी येईल, ते बाटलीत शिरावं आणि तिथंच अडकून बसावं म्हणून. थोरला भाऊ लूशस नदीत बुडाला तेव्हा आईने ही निळी चढवली आणि मरेपर्यंत कुणाला तिला हात लावू दिला नाही. पण आर्डेलियाला गिटारच्या तारांवर फिरवायला काचेचा गळा हवा होता. तिने रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा गळ्याला गुंडाळून पेटवला, बाटली पाण्याच्या बादलीत बुडवली, गळा टक्कन सुटला. काठ घासून करंगळीत घातला तर असा बसला, जणू माप घेऊन केलाय.

साठी उलटली तरी सगळ्या मिसिसिपीत ती गिटारवाल्या "लूशसची बहीण"च होती. ती वाजवायला बसली की कुणीतरी म्हाताऱ्याने उसासा टाकायचाच, लूशस असायला हवा होता म्हणून. जसं काही ती त्याची जागा धरून बसली होती. मरायच्या आत तिला एक अल्बम हवा होता आणि त्यावर दोनच नावं, आर्डेलिया आणि ओझी.

शहरात जाऊन कुणापुढे हात जोडायची तिची तयारी नव्हती. चर्चमधला टेपरेकॉर्डर तिथला कारभार बघणाऱ्या डीकनकडून मागून आणला. डीकनला वाटलं, बायका टेपवर भजनं भरणार. तो समज तिने मोडला नाही. खिडक्यांना गाद्या लावल्या, कोंबड्या कोंडल्या, ओझीने ढोलासारखा बडवायला पत्र्याचा टब उपडा घालून पुढ्यात ओढला आणि भर दुपारी दोघींनी पहिलं गाणं भरलं.

टेप लावून ऐकलं. गिटार होती, टब होता, आर्डेलियाचा आवाज होता. आणि सगळ्याच्या खाली आणखी एक तार कण्हत होती.

"हे काय?" ओझी म्हणाली.

"रस्त्याने ट्रक गेला असेल."

"सुरात?"

दुसरं गाणं भरलं, तिसरं भरलं. वाजवताना काही ऐकू यायचं नाही, टेपवर मात्र ती तार हजर. दर वळणावर थोडी मागे रेंगाळायची, मग धावत येऊन गाठायची.

"असं कोण रेंगाळायचं, सांगू?" ओझीने विचारलं.

"तोंड बंद ठेव," म्हणत आर्डेलिया मागच्या अंगणात गेली.

घराच्या मागच्या भिंतीवर लूशसने पोरवयात झाडूला गुंडाळलेली तार सोडवून दोन खिळ्यांवर ताणली होती, खाली तपकिरीची बाटली सारून. इथल्या पोरांची पहिली गिटार तीच. तार छेडली की अख्खं घर वाजतं. कित्येक वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. गंजून ती तांबडी झाली होती. मधला हातभर तुकडा मात्र घासून घासून चांदीसारखा लखलखत होता.

आर्डेलियाने पक्कड आणली.

"उपटू नकोस," ओझी म्हणाली. "बाटली कापून तू त्याचं घर फोडलंस. तो जाणार कुठे?"

"कुठेही जाऊ दे. माझ्या अल्बमात नको."

तिने तार उपटली, गुंडाळून खुराड्यावर फेकली. आत येऊन ती अशी वाजवायला बसली, की ओझी टब विसरून बघतच राहिली.

टेपवर टब होता. आर्डेलियाचा आवाज होता. गिटार नव्हती. गाणं जिथे गिटारसाठी थांबायचं, तिथे नुसती शांतता. ओझीने गिटारच्या पोटावर टकटक करून तेही भरलं आणि टेप पुन्हा लावली. टकटकही नाही.

आर्डेलियाने गिटार मांडीवरून खाली ठेवली. करंगळीतली काच सकाळपासून अंगाला लागून होती, तरी नदीच्या पाण्यासारखी गार. ती काढायला गेली तर निघेना. बोट सुजलं असेल, म्हणून तिने सोडून दिलं.

मग उठून हातोडी घेतली आणि तार पुन्हा भिंतीवर ठोकली.

"ऐक," ती भिंतीला म्हणाली. "तुझं नाव घालते. पण सगळ्यात खाली. गाणी माझी आहेत. मी थांबले की थांबायचं. आणि रेंगाळायचं नाही."

"तो ऐकेल?" ओझीने विचारलं.

"जन्मात कधी ऐकलंय? आता ऐकेल. गरज त्याला आहे."

पुन्हा गाणी भरली. टेपवर सगळं होतं, गिटारसुद्धा. खालची ती तार एकदाही मागे पडली नाही. शेवटच्या गाण्यात आर्डेलियाने हात उचलला तशी तीही थांबली आणि कुणीतरी तारेवरून बोट उचलल्याचा बारीकसा आवाज आला. अगदी जवळून, माइकच्या आतून आल्यासारखा. ओझीने टेप बंद केली.

दोघींनी टेपच्या प्रती काढून त्यांची वेष्टनं हाताने रंगवली. दोन नावं ठळक, तिसरं खाली, बारीक.

उन्हाळ्यात गावच्या पिकनिकला, बकरं भाजत होतं तिथेच, दोघी टेबल मांडून बसल्या. लोक टेप घेऊन जात होते, आणि "आर्डेलियाचा अल्बम" असं चक्क तिच्या तोंडावर म्हणत होते. एका परगावच्या बाईने वेष्टन उलटंपालटं केलं.

"आणि हा तिसरा? त्याला नाही आणलंत?"

ओझीने मान खाली घातली.

"आणलाय," म्हणत आर्डेलियाने डावा हात एप्रनच्या खिशात सरकवला. काच अजून निघाली नव्हती. साबण लावून झाला, चरबी लावून झाली. आता करंगळीही गार पडू लागली होती, आणि मनगटाकडे तो गारवा जरा जरा करत, रेंगाळत चढत होता.